एक वाजता बरा लागणारा डबा

परवा मंचरच्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत नवी लागलेली मुलगी मोबाईलवर बोट फिरवत बसली होती. काय मागवू, कुठून मागवू, असं तिचं बराच वेळ चाललं होतं. माझ्या तोंडून एकदम निघालं, "पावणं, डबा कुठाय?" ती दचकली आणि मीही दचकले. आवाज माझा होता, वाक्य मात्र खोडदजवळच्या एका रोपवाटिकेतल्या स्टोअरकीपरचं होतं. मग दिवसभर तो माणूस माझ्या डोक्यातून जाईना आणि मी कामं सोडून हसत बसले.

त्यांना सगळे पावणं म्हणत, कारण ते सगळ्यांना पावणं म्हणत. मालक पावणं, ट्रे भरणाऱ्या बाया पावणं, मिरचीची रोपं न्यायला आलेला शेतकरी पावणं आणि गेटवर झोपलेलं कुत्रंसुद्धा पावणं. बुटके, टोपीवाले, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी चमचा खोचणारे. कोकोपीटची पोती, बियाण्यांची पाकिटं, औषधांच्या बाटल्या, सगळं त्यांच्या ताब्यात असे आणि त्या कामात ते चोख होते. पण ती झाली नोकरी. त्यांचा खरा उद्योग म्हणजे डबा.

मी तिथं कॉम्प्युटरवर रोपांचं बुकिंग घ्यायला लागले, तेव्हा नुकतीच कॉलेजातून सुटले होते. पहिल्या दिवशी एक वाजता मी पर्स उचलली आणि फाट्यावरच्या वडेवाल्याकडे निघाले. डबा नेणं मला शाळकरी वाटायचं. पावणं दारात आडवे आले.

"पावणं, डबा?"

"नाही आणला. बाहेर खाते."

"रोज?"

"हो, रोज."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "म्हंजी तुमी ओतूरवरनं दोन गाड्या बदलून हितं येणार, दिवसभर बोटं बडवणार, आन् पगार नेऊन त्या वडेवाल्याला देणार. मग त्याच्याकडंच नोकरी धरा की राव. यायचा-जायचा तरास तरी वाचंल."

बाया फिदीफिदी हसल्या. मला अस्सा राग आला! पण त्यांनी मला बसवलंच आणि पुढ्यात अर्धी भाकरी ठेवली. गरम असतानाच पापुद्रा उचलून आत लसणाची चटणी भरलेली, सोबत कोरडी मटकीची उसळ. चटणीचं तेल सकाळपासून भाकरीत उतरत उतरत दुपारपर्यंत तळाला पोचलं होतं. रागारागात मी आणखी मागून घेतली.

पावण्यांचं म्हणणं साधं होतं. डबा सकाळी सातला चांगला लागून उपयोग नाही, तो दुपारी एकला चांगला लागला पाहिजे. "सातला आपण खातो का? न्हाई. मग सातला चव बघून काय करायचं?" म्हणून ते सकाळी चाखतच नसत. डब्यात असंच काही घालायचं, की जे वाटेनं झाकणाखाली मुरत येईल. पोहे आणि उपमा यांना त्यांच्याकडे थारा नव्हता, कारण ते नारायणगाव यायच्या आत म्हातारे होतात. पातळ रस्सा बंद, कारण त्याचं सगळं लक्ष पिशवीत सांडण्याकडे असतं. पिठलं घट्ट करून थापायचं आणि वड्या पाडायच्या. मेथी पिठातच मळायची, म्हणजे भाजीचा वेगळा डबा नको. कुंपणावरच्या शेवग्याचा पाला तर फुकटच. बाजारात कोथिंबिरीला कुणी विचारत नसलं, की पावणं जुड्या काखेत मारून घरी नेत आणि चार दिवस आम्हाला कोथिंबिरीच्या वड्या. "म्हागाचा डबा कोन बी करंल," ते म्हणत, "सस्त्यात चव आणायला डोस्कं लागतं."

आणि दहीभात! तो तर ते डब्यात करतच नसत, जीपमध्ये करत. सकाळी मऊ भात, त्यावर कोमट दूध, चमचाभर दही आणि मीठ, की झाकण बंद. ओतूर ते आळेफाटा, आळेफाटा ते नारायणगाव, त्या प्रवासात दही लागायचं. दही लागताना डबा हलता कामा नये. म्हणून पावणं तो दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसत आणि खड्डा दिसला की जीपवाल्याला ओरडत, "पावणं, हळू! दही लागतंय!" नवा प्रवासी असला की तो घाबरून मागं सरकून बसे. रोजचे प्रवासी मात्र उतरताना विचारत, "लागलं का?" पावणं झाकण किंचित उचलून बघत आणि गंभीरपणे मान हलवत. मग जीपमधल्या सगळ्यांनाच बरं वाटे.

रोपवाटिकेत बी उगवायची एक उबदार, दमट खोली होती. ट्रे भरले की ते तिथं एकावर एक रचून प्लास्टिकखाली झाकायचे. त्या खोलीत मटकीला काय सुरेख मोड येतात, हा शोध पावण्यांचा. त्यांनी टोमॅटोच्या ट्रेंखाली गुपचूप एक ट्रे मटकीचा सरकवला. नेमका त्या दिवशी मालकांनी एका बड्या बागायतदाराला खोली दाखवायला आणलं. त्यानं खालचा ट्रे ओढला, एकसारखे टरारलेले मोड बघितले आणि तो हरखलाच. "ही कंची व्हरायटी? उगवण लई भारी. मला हीच द्या." मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पावणं पुढं होऊन म्हणाले, "न्हाई जमायचं पावणं, ह्याचं बुकिंग फुल हाय. उद्याच्या डब्याचं."

आमची जेवणाची जागा म्हणजे पॅकिंग शेडमधलं लांब टेबल. मी, पावणं, ट्रे भरणाऱ्या बाया आणि पिकअप चालवणारे शौकतभाई. शौकतभाई जुन्नरचे, सहा फूट उंच, मोजकं बोलणारे. सगळ्यांनी डबे मध्ये ठेवायचे, पण झाकण उघडायचं नाही. आधी पावणं बायकोला फोन लावत.

त्यांची बायको म्हणजे ओतूरच्या शाळेतल्या बाई. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं आणि नवराही बाईच म्हणायचा. लग्न झाल्यापासून घरातला स्वयंपाक पावण्यांकडे आणि पेपर तपासणं बाईंकडे. पावणं पहाटे उठून दोन डबे करत, एक बाईंचा, एक स्वतःचा. बाईंची मधली सुट्टी आमच्या आधी व्हायची, त्यामुळे एक वाजता त्यांचा निकाल तयार असे. पावणं फोन स्पीकरवर टाकत, घसा साफ करत आणि विचारत, "कसा व्हता?"

पलीकडून बाई म्हणत, "बरा होता."

बस. फोन बंद. पावणं टोपी सारखी करत, म्हणत, "बरा. चला, उघडा." मग जेवताना त्यांचा विचार सुरू होई, की काय राहिलं, तीळ जास्त भाजायला हवे होते का, मीठ आधी घालायला हवं होतं का. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. बाईंच्या तोंडून एकदा 'छान' ऐकायचं. आमच्या टेबलावर जे जे येई, ते त्या एका शब्दासाठीची रंगीत तालीम असे, आणि आमची सगळ्यांची पोटं त्या तालमीवर मजेत चालली होती.

मला बाईंच्या 'बरा'चं काहीच नवल नव्हतं. मी त्यांच्याच वर्गात शिकले होते. गणितं सगळी बरोबर आली, तरी वहीवर लाल शाईत 'बरे' एवढंच लिहीत. एकदा मी रडून विचारलं होतं, "बाई, यात चुकलं काय?" तर म्हणाल्या, "काही नाही. म्हणून तर बरे." हे मी पावण्यांना सांगितलं तेव्हा ते खूष झाले. "म्हंजी माझ्यावर एकट्यावर राग न्हाई."

एका वर्षी टोमॅटोचा भाव असा कोसळला, की शेतकरी कॅरेट आमच्या गेटवर ठेवून मागं न बघता निघून जायचे. आमच्याकडचीच रोपं, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्या दिवसांत टेबलावरचे डबे उघडले की सगळीकडे लाल. टोमॅटोची चटणी, टोमॅटोची भाजी, टोमॅटोचं पिठलं, शौकतभाईंच्या घरून टोमॅटोचं सालन. ट्रे भरणाऱ्या एकीनं तर टोमॅटोच्या चकत्या पिठात बुडवून तळून आणल्या आणि ही वांगी आहेत असं सांगून बघितलं. शौकतभाई एवढंच म्हणाले, "तुमच्या भाबीला सांगितलं, आज टोमॅटो दिला तर मी घरीच येणार नाही. तिनं डब्यात चिठ्ठी टाकली, नका येऊ." पावणं तेवढे आनंदात होते. त्यांनी टोमॅटो उन्हात सुकवले, कुटले, शेंगदाण्याच्या कुटात मिसळले आणि ती आंबटगोड पूड भाकरीवर भुरभुरून बाईंना दिली. फोनवर बाई थोडा वेळ गप्प राहिल्या.

"बरी होती," बाई म्हणाल्या.

"थांबल्या व्हत्या!" पावणं टेबलावर हात आपटून म्हणाले. "ऐकलं ना? बरी म्हणायच्या आदी थांबल्या व्हत्या!" त्या थांबण्यावर त्यांनी आठवडा काढला.

मग मायक्रोवेव्हचं प्रकरण. मालकांच्या मेहुण्यांनी पुण्याहून एक ओव्हन भेट दिला. शेडमध्ये तो मांडला, त्याला हार घातला, नारळ फोडला. पावणं लांब उभे राहिले. "गरम करावा लागतो त्यो चुकलेला डबा," ते पुटपुटले. बाया मात्र खुळावल्या. भाकऱ्या, भाज्या, ताक, एकीनं तर काकडी गरम केली. आमच्या शेडमधून शेतांच्या पलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या अँटेना दिसत. आकाशातून येणारा अगदी बारीक आवाज त्या ऐकत असतात, त्यामुळे त्यांच्या आसपास असली यंत्रं नको असतात, हे भाषण आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं. पण काकडी गरम करताना कुणाला आकाश आठवतं?

एका दुपारी गेटवर गाडी थांबली. एक सभ्य तरुण हातात काठीसारखं काहीतरी धरून, त्याच्या किरकिरीकडे कान देत, हळूहळू चालत थेट आमच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "इथं काही नवीन यंत्र आणलंय का हो?" पावणं आनंदानं ओरडले, "आलं! आभाळातनं कंप्लेंट आली!" त्यांनी त्या तरुणाचा हात धरून त्याला ओव्हनसमोर उभं केलं, पिन स्वतः काढली आणि मग त्याला बळंबळं जेवायला बसवलं. त्या दिवशी दहीभात होता. तरुण म्हणाला, "हा तर गार असूनच चांगला आहे." पावण्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, की आम्ही माना खाली घातल्या. पुढं त्या ओव्हनमध्ये ते गूळ ठेवत. मुंग्या लागत नसत.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या भागात जावई आला, मोठा पाहुणा आला, की मासवडी करतात. नाव मासवडी, पण मासा कुठंच नाही. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यात तीळ, खोबरं, शेंगदाणे, कांदा-लसूण यांचं सारण भरायचं, माशासारखा आकार द्यायचा आणि काप करायचे. करणाऱ्याची कंबर मोडते. रोजच्या डब्यात मासवडी कुणी नेत नाही, कारण कुणाला वेड लागलेलं नसतं. पावण्यांनी ठरवलं, की आता मासवडीच. सोबत रस्सा आटवून, चटणीसारखा घट्ट करून. बाईंकडून शब्द काढायचाच.

त्याच दिवशी माझी आई मामाकडे लग्नाला गेलेली. मी पहिल्यांदाच स्वतःचा डबा स्वतः केला. हुलग्याचं पीठ होतं, म्हणून शेंगोळी केली. हुलग्याच्या पिठाची कडबोळ्यासारखी वळकटी लसणाच्या फोडणीच्या पाण्यात शिजवायची, एवढंच. फोडणी टाकली आणि मोबाईल वाजला. मी बोलून येईपर्यंत निम्मा लसूण काळा झाला होता.

ओतूरच्या स्टँडपर्यंत बाई रोज पावण्यांबरोबर चालत येत, कारण शाळा त्याच वाटेवर. तिथं पावणं त्यांचा डबा त्यांच्या हातात देत. आम्हा सगळ्यांकडे एकाच बियाण्याच्या कंपनीच्या फुकटच्या पिशव्या, हिरव्या, त्यावर लाल मिरची. जीप आली. मी जागा धरायला आत घुसले आणि माझी पिशवी पावण्यांच्या हातात दिली. पावणं त्या दिवशी इतके हुरळलेले होते, की त्यांनी बाईंच्या हातात कोणती पिशवी दिली हे त्यांचं त्यांना कळलं नाही.

एक वाजता फोन लागला. घसा साफ झाला. "कसा व्हता?"

बाईंचा आवाज आला, जरा वेगळाच. "आजचा... छान होता."

फोन कधी बंद झाला कुणाला कळलं नाही. पावण्यांनी टोपी वर उडवली, ती पत्र्याखालच्या अँगलला अडकली. त्यांनी शौकतभाईंना मिठी मारली, ती त्यांच्या पोटापर्यंतच पोचली. मालकांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, गेटवरच्या कुत्र्याला सांगितलं, रोपं न्यायला आलेल्या शेतकऱ्याला पेढे आणायला फाट्यावर पिटाळलं. "छान म्हणली! बाई छान म्हणली!" बाया टाळ्या पिटत होत्या, एकजण नाचायला लागली, मीही नाचत होते. नाचता नाचता मी माझी पिशवी उघडली आणि डब्याचं झाकण काढलं.

आत मासवडी होती.

शौकतभाईंनी वरून पाहिलं, माझ्या हातातलं झाकण घेतलं आणि घट्ट लावलं. "बेटी, तू आज डबा आणला नाहीस," ते हळूच म्हणाले. मी जाळीखाली, मिरचीच्या रोपांच्या मागं जाऊन मासवडी खाल्ली. इतकी सुरेख मासवडी मी कधी खाल्ली नव्हती आणि घास गिळताना मला रडू येत होतं. या माणसाला आयुष्यभर हवा असलेला शब्द माझ्या करपलेल्या लसणाला मिळाला होता.

संध्याकाळी बाईंचाच फोन आला. "अगं, डब्यावर तुझ्या आईचं नाव कोरलंय. मी झाकण लावताना पाहिलं."

"बाई, ती शेंगोळी माझी होती. लसूण करपला."

"करपला म्हणूनच गं! माझी आई अशीच करायची, निम्मा लसूण जाळून. यांनी जन्मात कधी लसूण करपवला नाही. मी इतक्या वर्षांत विसरून गेले होते ती चव. पहिल्या घासाला डोळे भरून आले आणि फोन वाजला तर तोंडातून निघूनच गेलं."

"मग खरं सांगून टाका ना."

"कसं सांगू? घरी आल्यापासून माणूस गाणं म्हणतोय. तुला म्हणून सांगते. लग्न झालं त्या वर्षी यांनी भरली वांगी केली. मी भाबडेपणानं म्हटलं, छान झालीत. मग बाजारात वांगी यायची थांबेपर्यंत रोज वांगी! तेव्हाच मी ठरवलं, हा शब्द पुन्हा काढायचा नाही. बरा म्हटलं की उद्या नवीन काहीतरी करतात. आता बघ, मासवडी सुरू होईल."

डबा शाळेत विसरला असं सांगून बाईंनी त्या रात्रीची वेळ मारून नेली आणि सकाळी पावण्यांची पाठ वळल्यावर आम्ही डबे बदलून घेतले. पावण्यांनी बाईंना दिलेल्या त्या दिवशीच्या डब्यात पुन्हा मासवडीच होती. दुसऱ्या दिवशीही मासवडी. तिसऱ्या दिवशीही. मासवडी थांबेचना. पावणं पहाटे उठून फडकं ओलं करत आणि थापायला लागत. शाळेतल्या शिक्षकांची चंगळ झाली, बाईंना मासवडीचा वास नकोसा झाला. मला वाईट वाटे, म्हणून मी आईच्या एका छोट्या डबीत शेंगोळी न्यायला लागले, लसूण नीट करपवून, आणि पावणं जीपवाल्याशी पुढच्या सीटसाठी वाद घालत असले की ती बाईंच्या पर्समध्ये सरकवायला लागले. दुपारी फोनवर बाई प्रामाणिकपणे म्हणत, "छान होता." काय छान होतं, ते सांगत नसत.

पहिले काही दिवस पावणं हवेत होते. मग काहीतरी बिनसायला लागलं. मासवडी आता त्यांना डोळे मिटून येत होती. उद्या काय करायचं, हा प्रश्नच उरला नव्हता. उगवणीच्या खोलीत मटकी दिसेना. जीपमध्ये मांडीवर डबा नाही, त्यामुळे जीपवाला खड्ड्यांतून सुसाट. टेबलावर ट्रे भरणाऱ्या एकीनं चक्क पोहे आणले, वातड झालेले, आणि पावणं काही बोलले नाहीत. मी मुद्दाम वडापाव आणून त्यांच्यासमोर खाल्ला. त्यांनी नुसतं पाहिलं. फोन लावायचे, "छान होता" ऐकायचे, मग खिशातला चमचा काढून उगाच पुसत बसायचे. शौकतभाई मला म्हणाले, "पावण्यांना काम नाही राहिलं." मला ते दिवस आठवले की आजही नको वाटतं. इतका हसरा माणूस, आणि त्याला हवं ते मिळालं होतं.

मग एका सकाळी ते जीपमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले. पिशवीतून त्यांनी एक छोटी डबी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. घासून लखलखीत केलेली. झाकणावर आईचं नाव. आदल्या दिवशी बाईंनी ती रिकामी डबी चुकून पर्सऐवजी डब्याच्या पिशवीत टाकली होती आणि डबे तर रोज रात्री पावणंच घासायचे.

"ही तुमच्या आईची ना?"

मी मान हलवली.

"वास घेतला मी. शेंगोळी. लसूण करपलेला." ते समोर रस्त्याकडे बघत होते. "छान म्हणली ती तुमच्या शेंगोळ्याला."

"पावणं, ते चुकून झालं हो. पिशव्या बदलल्या आणि..."

"म्हंजी मासवडी छान नव्हती?"

"चांगली होती हो, पण बाई..."

"म्हंजी मला आजून छान म्हणलीच न्हाई?"

आता हा माणूस रडेल, मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि मी बघतच राहिले. कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे चमकत होते.

"मग राव, आदी सांगायचं न्हाई का! मला वाटलं, संपलं सगळं! आता करायचं काय, म्हनून झोप लागंना मला!" ते जागेवर उडाले, त्यांची टोपी छताला लागली. "आजून राहिलंय! आजून राहिलंय की!"

जीपमधले लोक वळून बघायला लागले. पावण्यांनी माझ्या मांडीवरच्या डबीकडे बोट केलं. "उघडा. रिकामी डबी परत देत्यात का कुनी?"

आत शेंगोळी होती. पावण्यांनी पहाटे केलेली. बारीक, एकसारखी वळलेली, आटलेल्या रश्शात मुरायला लागलेली. "लसूण मुद्दाम करपवला," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लई जड गेलं. हात पुढं जायचा, काढून घ्यायचा. शेवटी डोळं मिटून हुबा राहिलो. बाईच्या डब्यात बी हेच दिलंय आज. सांगा, कसं झालंय?"

त्यांनी खिशातला चमचा काढून दिला. मी खाल्लं. अजून सकाळच होती, मुरायचं बाकी होतं, तरी सांगते, तसली शेंगोळी मी जन्मात खाल्ली नव्हती. करपलेल्या लसणाचा कडवटपणा बरोबर तेवढाच, हुलग्याच्या मागं मागं येणारा. त्यांचं तोंड माझ्या तोंडापाशी आलं होतं. 'छान' माझ्या अगदी ओठांवर आला होता.

"बरं आहे," मी म्हटलं.

पावणं खदाखदा हसले. "बाईंच्या शाळंतली तुमी, दुसरं काय म्हननार!"

एक वाजता टेबलाभोवती सगळे जमले. एव्हाना शौकतभाईंमार्फत बातमी सगळ्यांना कळली होती. कुणी झाकणाला हात लावला नाही. पावण्यांनी फोन स्पीकरवर टाकला, घसा साफ केला.

"कसा व्हता?"

डबा उघडल्याबरोबर बाईंना कळलं असणार, की चोरी पकडली गेली. आधी बाईंनी नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग हसू दाबल्याचा.

"बरा होता," बाई म्हणाल्या.

शेडमध्ये असा जल्लोष झाला की मालक केबिनमधून बाहेर आले. पावण्यांनी फोन खिशात टाकला, हात चोळले आणि टेबलावरून नजर फिरवली. ती पोहेवालीवर थांबली. तिनं डबा पदराखाली घेतला.

"लसूण सगळा सारखा करपला, तिथं चुकलं. निम्माच पायजे," ते म्हणाले. "चला, उघडा डबं. आन् पावणं, घरी हुलगं कुना-कुनाकडं हायती, हात वर करा."